उद्या टँकर आलाच नाही तर?

आपल्याकडे टँकर म्हटलं की पाण्याचा टँकर आठवतो. मार्च उलटला की हंडे रांगेला लागतात आणि टँकर चुकला तर त्या दिवशीचा स्वयंपाक, धुणं, जनावरं, सगळंच चुकतं. मला सांगायचंय ते मात्र डिझेल-पेट्रोलच्या टँकरबद्दल. तो चुकला तर काय होतं याची रंगीत तालीम सप्टेंबर 2000 मध्ये ब्रिटनमध्ये झाली होती.

इंधनावरचा कर फार वाढला म्हणून तिथले शेतकरी आणि ट्रकवाले चिडले. त्यांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांची नि डेपोंची फाटकं अडवली. लाखांचा मोर्चा वगैरे काही नव्हता. एकेका फाटकावर थोडी माणसं, थोडे ट्रक-ट्रॅक्टर, एवढंच. पण टँकर आतच अडकले. आठवडा उलटायच्या आत देशातले बहुतेक पंप कोरडे पडले. दवाखान्यांनी घाई नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. लोकांनी पाव आणि दुधाची कपाटं रिकामी केली. असंच चाललं तर काही दिवसांत आमच्याकडचा माल संपेल, असं मोठ्या दुकान-साखळ्या सरकारला सांगू लागल्या. मग आंदोलन मिटलं, टँकर निघाले आणि लोक ते विसरूनही गेले.

यात नीट बघण्यासारखी एक गोष्ट आहे. त्या आठवड्यात कुठलंही पीक बुडालेलं नव्हतं. गाई दूध देत होत्या, भट्ट्यांत पीठ होतं. फक्त एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी नेणारी चाकं थांबली होती. आजकालचं मोठं दुकान आठवड्याचा साठा करून ठेवत नाही. साठ्याला जागा लागते, जागेला भाडं लागतं. त्यापेक्षा माल रोज मागवणं स्वस्त. म्हणजे दुकानाचं खरं गोदाम रस्त्यावर धावत असतं, आणि ते डिझेलवर धावतं.

डिझेलची एवढी सवय का लागली, त्याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 10 युनिट ऊर्जा मिळते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलावरचंच युनिट. इंजिनात त्यातली दोन-तृतीयांश उष्णता बनून वाया जाते, कामाला येतात तीन-साडेतीन युनिट. आता एक धडधाकट गडी घ्या. त्यानं आठ तास मान मोडून खणलं, तरी त्याच्या अंगमेहनतीचं माप अर्ध्या युनिटाच्या जरासंच वर जातं. म्हणजे एक लिटर डिझेल हे पाच-सहा गड्यांच्या दिवसभराच्या राबण्याच्या बरोबरीचं. आमच्याकडे आज एका माणसाची रोजंदारी 400-500 रुपयांच्या खाली नाही आणि डिझेलचा लिटर शंभरीच्या आसपास. बैल का गेला आणि ट्रॅक्टर का आला, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शेतकऱ्याला आळशी ठरवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

शिवाय तेल-वायू फक्त टाकीत जात नाही. युरिया बनतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. प्लास्टिक, डांबर, औषधांमधली कितीतरी रसायनं, सगळ्यांचं मूळ तिथेच. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. स्वयंपाकाच्या गॅसपैकीही सुमारे 60 टक्के बाहेरचाच. आपल्या चुलीवरचा भात शिजतो तो आखाताच्या भरवशावर.

हे सगळं सरकारनं बघायचं, आपण काय करणार, असंच आपण म्हणतो. आयर्लंडमधल्या किन्सेल नावाच्या छोट्या बंदर-गावातही लोक तेच म्हणत होते. तिथल्या कॉलेजात रॉब हॉपकिन्स नावाचे शिक्षक पर्माकल्चर शिकवायचे. पर्माकल्चर म्हणजे जंगल जसं स्वतःला सांभाळतं तशी शेती आणि वस्ती आखायची विद्या. 2004 मध्ये त्यांनी वर्गात कॉलिन कॅम्पबेल यांना बोलावलं. कॅम्पबेल आयुष्यभर तेल कंपन्यांसाठी तेल शोधलेले भूगर्भतज्ज्ञ. ते सांगायचे की जगातलं सोपं, स्वस्त तेल आता शिगेला पोचतंय आणि पुढे उत्पादन घटतच जाईल. यालाच ‘पीक ऑइल’ म्हणतात. तेल एका दिवसात संपत नाही. विहिरीसारखंच, आधी वरवर पाणी लागतं, मग दोर लांबवावा लागतो, मग उपशाचा खर्च पाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अमेरिकेबद्दल असंच भाकीत किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये केलं होतं, आणि 1970 मध्ये अमेरिकेचं उत्पादन खरोखर शिगेला पोचून उतरणीला लागलं होतं. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या तेलानं 1999 मध्ये तो टप्पा गाठला. त्यामुळे कॅम्पबेल काही हवेत बोलत नव्हते.

हॉपकिन्स यांनी त्यावर लेख लिहून हळहळ व्यक्त केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला: आपल्या गावाचा तेलाचा खर्च वर्षागणिक उतरवत न्यायचा असेल तर 2021 पर्यंत काय काय करावं लागेल ते लिहून काढा. अन्न, ऊर्जा, वाहतूक, घरं, शिक्षण, एकेक विषय घेऊन. 2005 मध्ये तो आराखडा तयार झाला आणि गावाच्या नगर परिषदेनं त्याला पाठिंब्याचा ठरावही केला. विद्यार्थ्यांचा प्रकल्प नगरपालिकेनं स्वीकारणं ही आपल्याकडे तरी दुर्मीळ गोष्ट आहे.

पुढे हॉपकिन्स इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या टॉटनेस गावी राहायला गेले. डार्ट नदीकाठचं, आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. 2006 मध्ये तिथे ‘ट्रान्झिशन टाउन टॉटनेस’ सुरू झालं. ट्रान्झिशन म्हणजे स्थित्यंतर. तेलावर चालणाऱ्या गावाकडून तेलावाचून तग धरणाऱ्या गावाकडे जायचं. मला यातला ‘तग’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पर्यावरणाच्या भाषणांत नेहमी हे सोडा, ते सोडा असतं. इथे प्रश्न वेगळा होता: बाहेरून धक्का बसला तर आपलं गाव किती दिवस उभं राहील?

त्यांचं सुरुवातीचं एक काम मला सगळ्यात आवडतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांना विचारायचं की तुमच्या लहानपणी इथे कसं चालायचं. भाजी कुठून यायची, काय दुरुस्त करून वापरायचे, शाळेत कसे जायचे. त्यात लोकांना कळलं की गावाच्या मधोमध भाजीपाला-रोपांच्या वाड्या होत्या. त्यातल्या एकीच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात, पण त्या पार्किंगच्या नावात ‘नर्सरी’ हा शब्द तेवढा उरलाय. आपल्याकडे आंबराईत एकही आंब्याचं झाड नसतं आणि बागेच्या नावाच्या पेठेत बाग नसते, तसंच. म्हाताऱ्यांनी जुनं सगळं छान होतं असंही सांगितलं नाही, हे विशेष. थंडी, कष्ट, बायकांचं मरेस्तोवर धुणं, तेही सांगितलं.

मग गावात अक्रोड-बदामाची झाडं लावली गेली. ज्यांच्याकडे मोठं परस आहे पण आता कंबर वाकत नाही, अशा वृद्धांची जमीन आणि ज्यांच्याकडे हात आहेत पण जमीन नाही अशी तरुण मंडळी यांची जोडी लावून दिली. पिकेल ते वाटून घ्यायचं. आपल्याकडे याला अर्धेलीनं करणं म्हणतात. 2010 मध्ये टॉटनेस आणि आसपासच्या गावांसाठी 2030 पर्यंतचा आराखडाही छापून झाला.

हे सगळं टॉटनेसमध्येच का रुजलं, याचं एक टोक थेट बंगालमध्ये निघतं. लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज तरुण शेतीशास्त्र शिकून रवींद्रनाथ ठाकुरांकडे आला आणि 1922 मध्ये शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावात ग्रामपुनर्रचनेचं केंद्र उभारण्यात त्यानं पुढाकार घेतला. तेच पुढचं श्रीनिकेतन. मायदेशी परतल्यावर, रवींद्रनाथांनी डेव्हनची बाजू सुचवली म्हणून, एल्महर्स्ट पती-पत्नींनी 1925 मध्ये टॉटनेसला लागून असलेली डार्टिंग्टन हॉलची मोडकळीला आलेली इस्टेट घेतली आणि तिथे शेती, कारागिरी, शाळा, कला यांचे प्रयोग केले. त्याच आवारात 1990 च्या सुमारास शूमाखर कॉलेज निघालं. ते काढण्यात पुढे होते सतीश कुमार, 1962 मध्ये दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पायी मॉस्कोपर्यंत आणि पुढेही गेलेले. म्हणजे टॉटनेसची माती ऐंशी वर्षं नांगरली जात होती. उद्या कुणी म्हणालं की टॉटनेसमध्ये झालं तर आमच्या तालुक्यात का होत नाही, तर आधी ही नांगरट मोजावी.

आता पैशाची गोष्ट. गावात कमावलेला पैसा गावात टिकत नाही, हे हॉपकिन्स आणि मंडळींचं आणखी एक निरीक्षण. बाहेरच्या साखळी-दुकानात शंभर खर्चले तर त्यातला पगारापुरता भाग गावात राहतो, बाकीचा संध्याकाळी मुख्यालयाकडे निघून जातो. गावातल्याच बेकरीवाल्याकडे खर्चले तर तो गावातल्याच सुताराला देतो, सुतार गावातल्याच खानावळीत. माठाला तळाशी भोक असेल तर वरून कितीही ओता. म्हणून 2007 मध्ये टॉटनेस पौंड काढला. गावातच चालणारी, गावातल्या दुकानदारांनी मान्य केलेली नोट. त्यांनी एक 21 पौंडांची नोटही काढली होती! लंडनच्या ब्रिक्स्टन भागानं 2009 मध्ये स्वतःचा पौंड काढला, त्याच्या दहाच्या नोटेवर पुढे तिथेच जन्मलेला गायक डेव्हिड बोवी आला. ब्रिस्टलचे महापौर तर आपला अख्खा पगार ब्रिस्टल पौंडात घेत. फ्रान्समधल्या उंगर्सहाइम गावानं आपल्या चलनाचं नाव ‘राडी’ ठेवलं. राडी म्हणजे मुळा. या गावाचे महापौर पूर्वी पोटॅशच्या खाणीत कामाला होते. तिथे मुलांना शाळेत सोडायला घोडागाडी ठेवली आणि खाणीच्या जुन्या जागेवर सौर पॅनेल मांडले.

चलनांच्या बातम्या खूप झाल्या, चलनं मात्र टिकली नाहीत. टॉटनेस पौंड 2019 मध्ये बंद झाला, ब्रिस्टलचाही दोनेक वर्षांत. लोक कार्डानं आणि मोबाइलनं पैसे द्यायला लागले, कागदी नोट खिशात ठेवणार कोण? आणि दुकानदाराला घाऊक माल घ्यायला शेवटी खरा पौंडच लागायचा. मला हा प्रयोग फसला याचं फारसं वाईट वाटत नाही. चलन चालायला व्यवहार पुरेसे लागतात आणि आठ हजारांच्या गावात ते नव्हते. पण भोकाची जाणीव झाली ती झालीच.

टिकलं ते दुसरंच, दिसायला अगदी किरकोळ. त्याचं नाव ‘ट्रान्झिशन स्ट्रीट्स’. एका गल्लीतली सहा ते दहा घरं, आळीपाळीनं एकेकाच्या घरी बैठक. सोबत एक पुस्तिका. एका बैठकीत वीज आणि गॅस, दुसरीत पाणी, मग अन्न, कचरा, प्रवास. प्रत्येकानं आपलं बिल घेऊन यायचं, टेबलावर ठेवायचं. एकाचं निम्मं आणि दुसऱ्याचं दुप्पट, मग आपोआप प्रश्न: तुमचं कसं काय कमी? तो सांगतो, दाराखालच्या फटीला पट्टी मारली, गरम पाण्याच्या टाकीला जाड गोधडी घातली. पुढच्या बैठकीपर्यंत दुसऱ्याच्याही दाराला पट्टी. टॉटनेस परिसरात 400 हून अधिक घरांनी हे केलं आणि घरटी वर्षाला एक टनाहून जास्त कार्बन वायू वाचला. पण नंतर लोकांना विचारलं की तुम्हाला काय मिळालं, तर बिलापेक्षाही आधी शेजाऱ्यांची ओळख झाली हे येत होतं. कितीतरी जण वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या घरात पहिल्यांदा आले होते.

सरकारी जाहिरात का चालत नाही आणि शेजारी का चालतो, याचं कारण आपल्याला वेगळं सांगायला नको. समोरच्या घरी सौर बंब बसला की महिनाभरात वाड्यात तीन बसतात.

वीजनिर्मितीही लोकांनी हातात घेतली, आणि इथे मराठी वाचकाला घरच्यासारखं वाटेल, कारण पद्धत आपल्या सहकाराची आहे. किंबहुना सहकार आपल्याकडे आला त्याची एक मुळी इंग्लंडच्या रॉचडेलमधल्या विणकरांनी 1844 मध्ये काढलेल्या दुकानापर्यंत जाते. लोकांनी शेअर घ्यायचे, भागधारक कितीही मोठा असो, मत एकच, आणि जमलेल्या पैशातून छतांवर पॅनेल. 2012 मध्ये ब्रिक्स्टनमधल्या कष्टकऱ्यांच्या सरकारी वसाहतीच्या गच्चीवर असा 37 किलोवॉटचा संच बसला. नफ्यातला काही भाग त्याच इमारतींतला ऊर्जेचा खर्च कमी करण्यासाठी राखला, वस्तीतल्या पोरांना पॅनेल बसवायचं काम शिकवलं. या चळवळीवर नेहमी एक आरोप होतो की ही खाऊन-पिऊन सुखी, शिकलेल्या गोऱ्या मध्यमवर्गाची हौस आहे. आरोप बराच खरा आहे. पण ब्रिक्स्टनची गच्ची त्याला निदान अर्धं उत्तर देते. या सहकारी वीजसंस्थांना बळ मिळालं ते 2010 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वीजखरेदी दरामुळे. 2019 मध्ये तो दर नव्यांसाठी बंद झाला आणि नवे संच काढणं कठीण झालं. गल्ली कितीही जागी असली तरी दर मंत्रालयात ठरतो. ट्रान्झिशनवाले राजकारणापासून अंग राखून राहिले, ही त्यांची माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. आपल्या सहकाराला राजकारण नको तितकं चिकटलं, त्यांच्याला चिकटलंच नाही.

आणि पीक ऑइलचं काय झालं? जुलै 2008 मध्ये तेल पिंपाला 147 डॉलरला पोचलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की कॅम्पबेल बरोबर निघाले. मग अमेरिकेनं शेल खडक फोडून तेल काढायला सुरुवात केली. जे उत्पादन 1970 पासून उतरत होतं ते उलटं चढू लागलं आणि 2018 मध्ये जुनी शीगही ओलांडून गेलं. आज जग दिवसाला सुमारे 10 कोटी पिंपं तेल जाळतं. तेल संपलं नाही. संकट उलट दिशेनं आलं: जमिनीत तेल कमी असण्यापेक्षा जास्त असणं ही आता अडचण आहे, कारण आहे तेवढं जाळलं तर पावसाचं आणि उष्म्याचं जे होईल ते आपल्या रब्बीला, द्राक्षाला, आंब्याच्या मोहोराला झेपणारं नाही. भाकीत चुकलं म्हणून टॉटनेसची तयारी मात्र फुकट गेली नाही. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानं ब्रिटनमध्ये गॅसची बिलं आभाळाला भिडली तेव्हा दाराची पट्टी आणि टाकीची गोधडी कामाला आली.

हे वाचल्यावर मीही आमच्या विंगमधल्या सात घरांना चहाला बोलावलं. लाइटबिल घेऊन या म्हटलं. काहींना वाटलं मी कुठली तरी स्कीम विकतोय. बिलं टेबलावर आली तेव्हा निघालेली पहिली गोष्ट कुणाच्याच घरातली नव्हती. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडलाय, टाकी भरून वाहते, वॉचमन मोटर बंद करायला विसरतो आणि तासभर जादा चालणाऱ्या मोटरचं बिल आम्ही सगळे कॉमनमध्ये भरतो. अकरा वर्षं राहतोय इथे. तिसऱ्या मजल्यावरचे काका इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेत हे मला त्या दिवशी कळलं. फ्लोट त्यांनीच बदलला, साडेतीनशे रुपयांत.

पुढची बैठक गॅसवर आहे. ज्या काकू पहिल्या वेळी आल्या नव्हत्या त्या म्हणाल्या, “आमचा सिलिंडर दोन महिने जातो, मला काय शिकवणार तुम्ही? पण येते, तुम्हालाच सांगते कसा जातो ते.”